मोनालिसाच्या चोरीची गोष्ट सांगताय? मग या चुका टाळा

मोनालिसा चोरीला गेली त्याचे रील्स अधूनमधून फिरतच असतात आणि दरवेळी तेच घोळ. सगळ्यात जास्त डोकं फिरतं ते "चोराने कॅनव्हास कापला, गुंडाळी केली आणि पळाला" ऐकून. अहो, कॅनव्हास आहेच कुठे तिथे? ते चित्र पॉप्लरच्या लाकडी फळीवर काढलंय, साधारण 77 बाय 53 सेंटीमीटर, गुंडाळणार कसं!

मध्यरात्रीचा थरार वगैरे पण काही नव्हता. 21 ऑगस्ट 1911, सोमवार सकाळ, पॅरिसचं लूव्हर म्युझियम साफसफाईसाठी बंद. विन्चेन्झो पेरुज्जा हा इटालियन कारागीर आधी तिथेच चित्रांना काचा बसवायच्या कामाला होता, त्यामुळे कामगारांसारखा पांढरा डगला घालून फिरला तरी कोणी हटकलं नाही. चित्र भिंतीवरून उतरवलं, आडबाजूच्या जिन्यात नेऊन काच-फ्रेम तिथेच टाकली, आणि खाली आला तर दाराला कुलूप. मूठ काढून बघितली तरी दार उघडेना, तेवढ्यात म्युझियमचाच एक प्लंबर तिथे आला आणि त्याने ह्याला दार उघडून दिलं!!

चोरी लगेच कळली असंही सांगू नका. मंगळवारी लुई बेरू नावाचा चित्रकार तिथे आला, त्याला मोकळी भिंत दिसली, गार्डला विचारलं तर म्हणे फोटो काढायला नेलं असेल. बेरूने पिच्छा सोडला नाही म्हणून निदान त्या दिवशी तरी कळलं.

चित्रकार पिकासोने चोरली हे तर पार चुकीचं. त्याची चौकशी झाली आणि त्याचा मित्र, कवी अपोलिनेर, काही दिवस आतही होता, पण लूव्हरमधून आधी चोरीला गेलेल्या जुन्या मूर्ती पिकासोकडे होत्या म्हणून. मोनालिसाशी संबंध शून्य.

आता नेपोलियन. त्याने इटलीतून लुटलेलं चित्र पेरुज्जाने देशप्रेमापोटी परत नेलं, हे वाचून लोक भावुक होतात. पण हे चित्र काढणारा लिओनार्दो दा विंची स्वतःच ते फ्रान्सला घेऊन गेला होता आणि पुढे ते राजा पहिल्या फ्रान्सिसकडे गेलं. नेपोलियनने काही काळ बेडरूममध्ये लावलं होतं, एवढंच खरं. आणि देशप्रेम म्हणाल तर 1913 मध्ये इटलीतल्या फ्लोरेन्सच्या आर्ट डीलरकडे गेल्यावर पेरुज्जा साहेबांनी पाच लाख लिरा मागितले होते, तिथेच पकडला गेला.

कोणा मार्क्विसने (म्हणजे सरदाराने) सहा नकली मोनालिसा विकायला ही चोरी करवली, ही स्टोरी 1932 च्या एका अमेरिकन मासिकातली, पुरावा काही नाही, त्यामुळे वापरायचीच तर अफवा म्हणून वापरा.

पेरुज्जाची शिक्षा पण जन्मठेप नव्हे. एक वर्ष पंधरा दिवस, ती पण अपिलात सात महिन्यांवर आली. आणि मृत्यूचं साल 1947 लिहू नका, तो त्याच नावाचा दुसरा माणूस. हा 1925 मध्येच गेला.