इंटेल आय५ प्रोसेसर आठव्या पिढीचा, ८ जीबी रॅम, तरी विंडोज ११ नाही: माझा अनुभव

नाशिकला सिडकोतल्या घरचा असेंबल्ड पीसी. पीसी हेल्थ चेक (विंडोज ११ चालेल का ते तपासणारं मायक्रोसॉफ्टचं अॅप) सांगे: टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी सोय) नाही, सिक्युअर बूटही (फक्त खात्रीचं सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) नाही. अपडेट पुन्हा चालवलं, विंडोज १० नव्याने टाकलं, रॅम वाढवायचा सल्लाही मिळाला. वैताग आला होता.

खरं कारण एमएसइन्फो३२ (विंडोजचं सिस्टिमची माहिती दाखवणारं टूल) मध्ये दिसलं: बायोस मोड ‘लेगसी’, म्हणजे पीसी सुरू होण्याची जुनी पद्धत. म्हणजे डिस्क एमबीआर, जुन्या पार्टिशन पद्धतीची; सिक्युअर बूटला नवी यूईएफआय पद्धत आणि त्यासाठी जीपीटी डिस्क लागते. टीपीएमची चिप वेगळी लागत नाही, इंटेलची पीटीटी ही तीच सोय बोर्डातच असते, फक्त बंद ठेवलेली असते.

क्रम हाच ठेवा. आधी बॅकअप, बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) असेल तर सस्पेंड. मग अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एमबीआर२जीपीटी /व्हॅलिडेट /अलाउफुलओएस’ (रोमन अक्षरांत). इथे अडलं तर बहुधा त्याच डिस्कवर ई, एफ अशी लॉजिकल पार्टिशन्स असतात. त्यातला डेटा बाहेर काढून ती, आणि त्यांना धरून असलेलं एक्स्टेंडेड पार्टिशनही काढा. प्रायमरी पार्टिशन्स तीनपेक्षा जास्त चालत नाहीत. व्हॅलिडेट पास झालं की त्याच ओळीत ‘/व्हॅलिडेट’च्या जागी ‘/कन्व्हर्ट’. लाइट जाणाऱ्या भागात हे यूपीएसवरच करा.

आता रीस्टार्ट, डिलीट दाबून बायोस: सीएसएम (जुन्या लेगसी बूटची सोय) बंद, पीटीटी चालू (एएमडीवर एफटीपीएम), सिक्युअर बूट चालू, मग एफ१० दाबून सेव्ह. सीएसएम कन्व्हर्टच्या आधी बंद केलं तर बूट डिस्क सापडत नाही. परत चालू केलं की विंडोज येतं.

विंडोजमध्ये टीपीएम.एमएससी उघडा, स्पेसिफिकेशन व्हर्जन २.० दिसायला हवं. सातव्या पिढीच्या बहुतेक प्रोसेसरांना मात्र हा उपाय पुरत नाही, ते अधिकृत यादीतच नाहीत.