मेंदूला मार लागल्यावर साचणारे ग्लुटामेट आटोक्यात कसे ठेवावे

ग्लुटामेट हे मुळात विष नव्हे. चेतापेशी एकमेकींना उत्तेजित करण्यासाठी प्रामुख्याने हेच रसायन वापरतात, आणि काम झाले की शेजारच्या ॲस्ट्रोसाइट पेशी ते लगेच शोषून घेतात. मात्र या शोषणाला ऊर्जा लागते आणि मार बसलेल्या भागात नेमकी ऊर्जेचीच टंचाई होते. पेशींमधील आयनांचे पंप मंदावतात, शोषून घेणारी यंत्रणा कधी कधी उलटी चालू लागते, आणि बाहेर साचलेल्या ग्लुटामेटमुळे एनएमडीए रिसेप्टर (चेतापेशीवरील ग्लुटामेटने उघडणारी दारे) उघडे राहून चेतापेशीत कॅल्शियम घुसत राहते. अतिउत्तेजनाने पेशी मरण्याच्या या प्रक्रियेला मेंदूसंशोधक जॉन ओल्नी यांनी १९६९ मध्ये ‘एक्सायटोटॉक्सिसिटी’ हे नाव दिले.

म्हणून ग्लुटामेट ‘काढून टाकणारे’ औषध शोधत बसण्याऐवजी, मेंदूला ते स्वतः आवरता यावे यासाठी प्राणवायू आणि रक्तपुरवठा सांभाळणे हाच आज हाती असलेला खरा उपाय आहे.

पहिल्या काही मिनिटांत श्वास चालू आहे ना, हे सर्वांत आधी पाहावे. श्वास नसेल तर छातीवर दाब देणे सुरू करावे. श्वास चालू असून व्यक्ती बेशुद्ध असेल, तर मानेला धक्का न लावता श्वासमार्ग मोकळा ठेवावा, आणि उलटी होऊ लागल्यास डोके, मान व धड एका रेषेत ठेवून कुशीवर वळवावे. वाहते रक्त दाबून थांबवावे, कारण रक्तदाब घसरला की मेंदूची उपासमार होते. रक्तातील प्राणवायू ९० टक्क्यांखाली जाणे आणि तरुण प्रौढात वरचा रक्तदाब ११० च्या खाली जाणे, या दोन्ही गोष्टी डॉक्टर कसोशीने टाळतात. शुद्ध हरपणे, वारंवार उलट्या, वाढती डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, एक बाहुली मोठी दिसणे, हातापायातील शक्ती जाणे, यांपैकी काहीही आढळल्यास रुग्णालय गाठण्यास विलंब करू नये; रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर लक्षणे नसतानाही दाखवावे.

आकडी ही यातील सर्वांत दुष्ट गोष्ट, कारण ती ग्लुटामेटही ओतते आणि उरलीसुरली ऊर्जाही जाळते. आकडी आल्यास तोंडात काहीही घालू नये, कुशीवर वळवावे, घड्याळ पाहावे. पाच मिनिटांत थांबली नाही तर जिवाला धोका समजावा. गंभीर दुखापतीत डॉक्टर पहिले सात दिवस आकडीरोधक औषध देतात. रुग्ण रोज मद्य घेत असेल तर ते लपवू नये: मद्य अचानक तुटल्यावर ग्लुटामेटचा जोर वाढतो आणि आकडी येऊ शकते. तापामुळेही मेंदूची ऊर्जेची गरज वाढते, म्हणून तो वेळीच उतरवावा. रक्तातील साखर फार कमी वा फार जास्त, दोन्ही घातक.

ग्लुटामेट अडवणारी औषधे माणसांवर वापरून पाहिली गेली आहेत. सेल्फोटेल या एनएमडीए रिसेप्टर अडवणाऱ्या औषधाच्या चाचण्या निराशाजनक ठरल्या, आणि शिरेतून दिलेल्या मॅग्नेशियमचा २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत फायदा दिसला नाही. मला यामागचे कारण महत्त्वाचे वाटते: रुग्ण औषधापर्यंत पोहोचेतो ग्लुटामेटची पहिली लाट बहुधा ओसरलेली असते, आणि पुढे मेंदू सावरताना नवे जोड बांधायला तेच ग्लुटामेट लागते. रक्तातील ग्लुटामेट घटवून मेंदूतील जास्तीचे ओढून घेण्याची ऑक्झालोॲसिटेट या शरीरात मुळातच असणाऱ्या रसायनाची कल्पना प्राण्यांमध्ये आशादायक दिसली, पण घरी पूरक गोळ्या घेण्याइतका तिला आधार नाही. अन्नातील ग्लुटामेटला घाबरून जेवण तोडू नये. मेंदूला पोषण हवेच असते.

दुखापत सौम्य असेल आणि डॉक्टरांनी घरी पाठवले असेल, तर पहिले २४ ते ४८ तास खेळ, मद्य आणि पडद्याचा अतिवापर टाळावा. त्यानंतर अंथरुणाला खिळून न राहता हलके चालणे सुरू करावे. डोक्याला पुन्हा मार बसू शकेल असा खेळ मात्र लक्षणे पूर्ण गेल्यावर, डॉक्टरांनी परवानगी दिल्यावरच.