एका लाइटवर पोर्ट्रेट: शनिवार रात्रीची तयारी

एकाच फ्लॅशवर पोर्ट्रेट काढायच्या सरावासाठी रविवारी सकाळी शेजारचे मामा फोटोला बसणार असले की शनिवारी रात्रीच मी सगळं मांडून ठेवतो. मामांचं आयुष्य सोलापूरच्या पूर्व भागात यंत्रमागावर गेलं. पंधरा मिनिटांच्या वर ते एका जागी बसत नाहीत. तेवढ्या वेळात ट्रिगरचे, म्हणजे कॅमेऱ्यावरून फ्लॅश उडवणाऱ्या यंत्राचे, सेल शोधत बसलो तर सराव बोंबलला, म्हणून सेल बदलणं, कार्ड रिकामं करणं, बॅटरी चार्जला लावणं हे सगळ्यात आधी.

मग भिंती. आमची खोली पोपटी रंगाची आहे. सॉफ्टबॉक्सचा (फ्लॅशवर चढवायची, उजेड मऊ करणारी कापडी पेटी) उजेड भिंतीवर आपटून परत येतो आणि सावलीतला गाल हिरवट पडतो. व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्यातली रंग जुळवायची सेटिंग, बदलून हे सुटत नाही, कारण उजेडातला गाल बरोबरच असतो. एक सुधारायला गेलं की दुसरा बिघडतो. उपाय घरातच आहे: सावलीच्या बाजूला दोरीवर काळी किंवा गडद राखाडी सोलापुरी चादर टांगायची. फ्रेमबाहेर असल्यामुळे नक्षी दिसत नाही. लाल चादर मात्र नको, गाल लाल होईल. सावली फारच गडद वाटली तर चादरीच्या जागी पांढरा कार्डशीट, म्हणून तोही हाताशी ठेवा.

उन्हाळ्यात आपल्याकडे पंखा बंद ठेवून माणूस बसवता येत नाही, आणि सॉफ्टबॉक्स वारा धरतो. माझा स्टँड एकदा आडवा झालाय. नशिबाने तेव्हा खाली कोणी नव्हतं. तेव्हापासून चार किलो ज्वारीची पिशवी स्टँडला बांधल्याशिवाय मी लाइट वर चढवत नाही. स्टँडचा एक पाय लाइट झुकतो त्या बाजूला हवा.

जमिनीवर चिकटपट्टीच्या खुणा करून ठेवा. खुर्ची मागच्या पडद्यापासून दीड मीटर पुढे, लाइटच्या खुणा खुर्चीपासून एक आणि दोन मीटरवर. अंतर दुप्पट झालं की उजेड चौथाई उरतो, म्हणजे एक मीटरवर लेन्सचं छिद्र एफ ८ असेल तर दोन मीटरवर एफ ४ (आकडा लहान, छिद्र मोठं). शिवाय लांब नेलेला लाइट चेहऱ्याच्या मानाने लहान होतो आणि सावलीची कड टोकदार होते. सराव खरा इथेच आहे, दुसरा लाइट विकत घेण्यात नाही.

कॅमेरा मॅन्युअलवर, आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता) १००, शटर १/१२५ सेकंद. फ्लॅश बंद ठेवून एक फोटो काढा. तो काळा आला म्हणजे ट्यूबलाइटची भेसळ नाही.

चित्रकार रेम्ब्रांटच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या रेम्ब्रांट लाइटिंगसाठी लाइट ४५ अंश बाजूला आणि डोळ्यांच्या बराच वर न्यायचा. नाकाची सावली गालाच्या सावलीला टेकली की पलीकडच्या डोळ्याखाली उजेडाचा छोटा त्रिकोण उरतो. मामांचे गाल बसलेले आहेत, त्यामुळे तो चटकन सापडत नाही. लाइट वीतभर सरकवून पुन्हा बघावं लागतं. ही जागा रात्रीच भावाला खुर्चीत बसवून शोधायची. चष्म्यात सॉफ्टबॉक्स दिसला तर काड्या कानावरून किंचित उचलायच्या, भिंगं खाली झुकतात आणि चमक निघून जाते. डोळ्यातला उजेडाचा ठिपका मात्र हवाच, त्याशिवाय नजर विझलेली वाटते.

शेवटी पाकीट. मागच्या रविवारचा फोटो चार बाय सहाचा छापून आणलाय. उद्या मामा आले की आधी तो त्यांच्या हातात, मग खुर्ची.