कर्नलचं नेटवर्किंग फास्ट करायला निघालात? या चुका टाळा

ऐरोली-रबाळे-महापे पट्ट्यातलं मोठं डेटा सेंटर असो, नाहीतर वागळे इस्टेटमधल्या गाळ्यातला दोन सर्व्हरचा रॅक. ‘लिनक्स बॉक्सवर पॅकेट ड्रॉप होतायत, जरा कर्नल ट्यून करून टाक’ हा निरोप कुणालाच चुकलेला नाही. (कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा, पॅकेट म्हणजे नेटवर्कवरून येणारा डेटाचा एकेक तुकडा, आणि ड्रॉप म्हणजे तो वाटेतच टाकला जाणं.) निरोप आला की बरेच जण कुठूनतरी चाळीस ओळींची सिसकंट्रोल फाइल (कर्नलच्या सेटिंगची यादी) आणतात, पेस्ट करतात आणि रीबूट मारतात. कधी फरक पडतो, बहुतेक वेळा पडत नाही, आणि दोन्ही वेळा तो कशामुळे हे कुणी सांगू शकत नाही.

पॅकेटच्या वाटेवरचं काम कमी केलं तरच वेग वाढतो. नॉब, म्हणजे सेटिंग, फिरवून काम कमी होत नाही, फार तर ते एका रांगेतून उठून दुसऱ्या रांगेत जाऊन बसतं.

आधी हिशेब बघा. १० गिगाबिटच्या पोर्टवर सगळी पॅकेट ६४ बाइटची आली, तर सेकंदाला १ कोटी ४८ लाख ८० हजार पॅकेट होतात. एका पॅकेटच्या वाट्याला ६७ नॅनोसेकंद, ३ गिगाहर्ट्झच्या कोअरवर (प्रोसेसरमधल्या एका स्वतंत्र एककावर) साधारण २०० सायकल, म्हणजे घड्याळाचे ठोके. कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) न सापडलेली गोष्ट रॅममधून आणायलाच ८० ते १०० नॅनोसेकंद लागतात. एकदा रॅमकडे धाव घेतली की त्या पॅकेटचं बजेट संपलं. १५०० बाइटची भरलेली पॅकेट असतील तर आकडा ८ लाख १२ हजारांवर येतो आणि थोडा श्वास घेता येतो. त्यामुळे ‘किती गिगाबिट’ एवढंच विचारून भागत नाही, ‘सेकंदाला किती पॅकेट’ हेही विचारावं लागतं.

एकूण सीपीयू बघून निश्चिंत होणं

घणसोलीतल्या एका लोकल इंटरनेटवाल्याचं उदाहरण घ्या. आठ कोअरचा सर्व्हर, त्यावर पीपीपीओई (ग्राहकांना लॉगिन करून जोडणारी पद्धत), सोसायट्यांमधली काही हजार घरं. मॅच असली की रात्री नऊनंतर तक्रारींचा पाऊस. मालकाचं म्हणणं ठाम होतं: “साहेब, सीपीयू तर ८७ टक्के रिकामा आहे. नेटवर्क कार्डच गेलंय, नवीन मागवतो.” ‘टॉप’ हा सीपीयूचा वापर दाखवणारा प्रोग्रॅम चालू होता, त्यात फक्त १ चा आकडा दाबायचा होता. दाबल्यावर आठ ओळी उघडल्या. सात कोअर जवळजवळ झोपलेले आणि शून्य नंबरचा सॉफ्ट-आयआरक्यूमध्ये, म्हणजे आलेली पॅकेट हाताळण्यात, शंभर टक्के. आठातला एक म्हणजे साडेबारा टक्के, उरलेले ८७ रिकामे. मालक खोटं बोलत नव्हता!

कारण असं. आजच्या कार्डांना अनेक रांगा असतात आणि आलेल्या पॅकेटचे आयपी पत्ते आणि पोर्ट यांचा हॅश (त्यांच्यापासून बनणारा एक आकडा) काढून कार्ड ते कुठल्या रांगेत टाकायचं ते ठरवतं. याला आरएसएस म्हणतात. पण पॅकेटवर पीपीपीओईचं वेष्टन असलं की बऱ्याच कार्डांना आतला आयपी पत्ता दिसतच नाही. मग सगळं एकाच रांगेत, एकाच कोअरवर. ठाणे स्टेशनात १० फलाट असून सगळ्या लोकल एकाच फलाटावर घेतल्या तर जे होईल तेच इथे होतं. कार्ड बदलून त्याच जातीचं दुसरं आणलं असतं तर नऊ वाजता पुन्हा फोन आला असता.

उपाय कर्नलमध्येच आहे. २०१० साली २.६.३५ या आवृत्तीत आरपीएस आलं. हेच वाटप ते सॉफ्टवेअरमध्ये करतं आणि कर्नलच्या हॅशला पीपीपीओईच्या आतलं वाचता येतं. रांगेच्या आरपीएस-सीपीयूज फाइलमध्ये कोअरचा मास्क, म्हणजे कुठले कोअर वापरायचे ते सांगणारा हेक्स (१६ च्या पायाचा) आकडा, लिहायचा. आठ कोअरपैकी शून्य नंबरचा सोडून उरलेले सात हवे असतील तर ‘एफई’. कार्डातून पॅकेट उचलायचं काम पहिल्या कोअरकडेच राहतं, पण पुढचं जड काम वाटलं जातं. हे आपल्या बॉक्सवर करण्याआधी प्रॉक फोल्डरमधली सॉफ्टनेट-स्टॅट फाइल बघून ठेवा. दर ओळ एका कोअरची, आकडे हेक्समध्ये. पहिला रकाना हाताळलेल्या पॅकेटचा, दुसरा बॅकलॉग (थांबलेल्या पॅकेटची रांग) भरल्यामुळे टाकलेल्यांचा, तिसरा ‘काम बाकी होतं पण वेळ किंवा बजेट संपलं’ याचा. ओळी-ओळींत फरक प्रचंड असेल तर रोग वाटपाचा आहे.

दोन सॉकेटचा, म्हणजे दोन प्रोसेसरचा, सर्व्हर असेल तर कार्ड कुठल्या सॉकेटला जोडलंय तेही तपासा. इंटरप्ट (‘पॅकेट आलं’ अशा कार्डाच्या हाका) दुसऱ्या सॉकेटच्या कोअरवर गेले तर प्रत्येक पॅकेटसाठी आडवा प्रवास होतो.

अर्थ न बघता पेस्ट केलेल्या ओळी

प्रत्येक जुन्या फाइलमध्ये नेटडेव्ह-मॅक्स-बॅकलॉग एक लाखावर नेलेला असतो. हा बॅकलॉग लागतो तो आरपीएस चालू असताना किंवा एनएपीआय (पॅकेट गठ्ठ्याने उचलायची कर्नलची पद्धत) न वापरणाऱ्या ड्रायव्हरसाठी. साध्या एनएपीआय ड्रायव्हरची पॅकेट त्या रांगेत जातच नाहीत. घणसोलीसारखं आरपीएस लावल्यावर मात्र दुसरा रकाना वाढतोय का ते बघून बॅकलॉग वाढवायला अर्थ आहे.

दुसरी ओळ धोकादायक आहे: टीसीपी-टीडब्ल्यू-रीसायकल, म्हणजे संपलेली कनेक्शन लवकर मोकळी करायची सुविधा. एका नॅटमागे (एकच पत्ता अनेकांत वाटणाऱ्या व्यवस्थेमागे) अनेक ग्राहक असले की त्यांचे टाइमस्टॅम्प एकमेकांशी जुळत नाहीत आणि सर्व्हर काहींची कनेक्शन मुकाट्याने नाकारतो. मोबाइल नेटवर्कवरून येणारी आपली बहुतेक जनता नॅटमागेच असते. म्हणून ‘ऑफिसमधून साइट उघडते, फोनवरून कधी उघडते कधी नाही’ अशी तक्रार आली की जुन्या ३.१० कर्नलच्या मशीनवर आधी हीच ओळ शोधा. २०१७ मध्ये ४.१२ पासून ती सुविधा कर्नलमधून काढूनच टाकली.

बफरबद्दल एवढंच: ॲप्लिकेशनने रिसीव्ह बफरचा आकार स्वतः ठरवला की कर्नलचं आपोआप जुळवणं त्या कनेक्शनपुरतं बंद होतं. १ गिगाबिट आणि ६० मिलीसेकंदांच्या वाटेला ७.५ मेगाबाइट लागतात. हाताने २५६ किलोबाइट लिहून ठेवणाऱ्याला वेग कधीच मिळणार नाही.

मोठी पॅकेट दिसली म्हणून ऑफलोड बंद करणं

टीसीपीडम्प या पॅकेट दाखवणाऱ्या साधनात एमटीयू (पॅकेटच्या आकाराची मर्यादा) १५०० असताना ६० हजार बाइटचं पॅकेट दिसतं, वर ‘चेकसम (चूक पकडणारी बेरीज) चुकीचा’ असा शेरा. घाबरून लोक टीएसओ, जीएसओ, जीआरओ हे पॅकेट तोडण्या-जोडण्याचे ऑफलोड सगळे बंद करतात. तारेवर तसं काही जात नसतं. पाठवताना तुकडे आणि चेकसम कार्ड करतं, टीसीपीडम्प त्याआधीचं चित्र दाखवतो. जीआरओमुळे अनेक पॅकेटचं एक होऊन स्टॅकमधून एकदाच जातं, म्हणजे काम कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग तुम्हीच बंद करता. राउटरवर एलआरओ (आलेली पॅकेट जोडायचा आणखी एक ऑफलोड) नको हे खरं, पण फॉरवर्डिंग चालू केलं की कर्नल तो स्वतःच बंद करतो. आणि हो, तपास संपल्यावर स्क्रीनमध्ये विसरलेला टीसीपीडम्पही बंद करा, त्याचाही भार असतो.

कार्डाची रिंग (आलेली पॅकेट ठेवायच्या बफरची रांग) सरसकट ४०९६ वर नेणं हीसुद्धा अशीच सवय. २ किलोबाइटचे ४०९६ बफर म्हणजे रांगेला ८ मेगाबाइट, आठ रांगांना ६४. एवढं कॅशमध्ये मावणं कठीण, मग प्रत्येक पॅकेटला रॅमची फेरी. ड्रॉप थांबेपर्यंत थोडं थोडं वाढवा.

नको तिथे कॉनट्रॅक

कॉनट्रॅक म्हणजे कर्नलने प्रत्येक कनेक्शनची नोंद ठेवणं. लॉगमध्ये ‘टेबल फुल, ड्रॉपिंग पॅकेट’ दिसलं की कमाल मर्यादा दुप्पट करतात. आधी विचारा: या मशीनला कनेक्शन लक्षात ठेवायची गरज आहे का? नॅट नसेल, कनेक्शनची स्थिती बघणारे (स्टेटफुल) नियम नसतील, तर आयपीटेबल्सच्या (फायरवॉलच्या) रॉ टेबलमध्ये नोट्रॅक लावा. काही जुन्या कर्नलवर नॅट टेबलची नुसती यादी पाहिली तरी मॉड्यूल लोड होऊन ट्रॅकिंग सुरू व्हायचं. आणि ब्लॉक करायचे पाच हजार पत्ते पाच हजार आयपीटेबल्स नियमांत लिहू नका. तपासणी वरून खाली एकेक होते. आयपीसेट किंवा एनएफटीचा सेट वापरला की तेच काम एका शोधात होतं.

चुकीचं मोजणं

वेग मोजणाऱ्या आयपर्फ३ ला आठ समांतर स्ट्रीम दिले म्हणजे आठ कोअर वापरले गेले, असं नाही. ३.१६ आवृत्तीच्या आधी ते एकाच थ्रेडवर चालायचं. अनेकदा ‘कर्नलची मर्यादा’ म्हणून सांगितलेला आकडा त्या साधनाची मर्यादा असतो. पॅकेट दर मोजायला कर्नलमधलं पीकेटीजेन वापरा, आणि वेळ कुठे जातोय हे परफ या साधनाला विचारा, अंदाज बांधू नका.

कोडला हात घालताना

इथे चुका जास्त महाग पडतात, म्हणून जरा रेंगाळतो.

समजा नेटफिल्टरच्या हुकवर (पॅकेटच्या वाटेवर आपला कोड अडकवायच्या कर्नलमधल्या जागी) पॅकेट मोजणारं छोटं मॉड्यूल लिहिलंय. एक ग्लोबल ॲटॉमिक (सगळ्या कोअरना सुरक्षितपणे वाढवता येणारा) काउंटर, पॅकेटमागे एक वाढवायचा. एका कोअरवर काहीच जाणवत नाही. आठही कोअर कामाला लागले की ती ६४ बाइटची कॅशलाइन (कॅशचा एक कप्पा) आठ जणांत भिरभिरत राहते, आणि ओळ साधी दिसत असल्याने रिव्ह्यूत कुणाचं लक्ष जात नाही. प्रत्येक कोअरला त्याचा वेगळा काउंटर द्या, बेरीज वाचणाऱ्याला करू दे. वाचन रोज लाखोदा होत नाही, वाढ होते. रीडर लॉकचंही तेच: ‘फक्त वाचतोय’ म्हटलं तरी लॉकच्या शब्दावर लिहावं लागतंच. म्हणून कर्नलमध्ये अशा जागी आरसीयू (वाचणाऱ्याला लॉक लागत नाही अशी पद्धत) असतं.

तपासासाठी टाकलेला प्रिंटके (लॉगमध्ये ओळ छापणारा कॉल) तसाच प्रॉडक्शनवर जाणं ही दुसरी. डेटा सेंटरमधल्या मशीनला सिरियल कन्सोल जोडलेला असतो, बहुधा १,१५,२०० बॉडवर. शंभर अक्षरांची ओळ बाहेर पडायला जवळपास ९ मिलीसेकंद. १० गिगाबिटला भरलेली पॅकेट येत असतील तर तेवढ्यात सात हजार पॅकेट दारात. ट्रेसपॉइंट (हवं तेव्हाच चालू करायचे तपासबिंदू) वापरा. ५.१७ पासून तर पॅकेट का टाकलं याचं कारणही त्यात मिळू लागलं.

तिसरी चूक हुशार लोक करतात: ‘कॅश लावू या.’ लिनक्समध्ये राउटिंग कॅश (आधी शोधलेल्या वाटांचा साठा) वर्षानुवर्षं होता. एरवी तो किंचित जलदच होता. पण नवनव्या पत्त्यांचा मारा झाला की तो फुगायचा आणि सफाईतच कर्नलचा दम निघायचा. बाहेरचा कुणीही आपल्या कर्नलची मेमरी भरवू शकत होता. २०१२ मध्ये ३.६ आवृत्तीत डेव्हिड मिलर यांनी तो उखडून टाकला. आता प्रत्येक शोध थेट राउटिंगच्या ट्रायमध्ये (पत्त्यांच्या झाडासारख्या रचनेत) होतो, वेळ अंदाजात राहतो आणि कोडही आटोपशीर झाला. सोलारिस १० या दुसऱ्या ऑपरेटिंग सिस्टिममध्ये २००५ साली जे झालं ते याच जातीचं: टीसीपी आणि आयपी ही वेगवेगळी स्ट्रीम्स मॉड्यूल एकमेकांना संदेश पाठवायची, ती एकत्र करून साधे फंक्शन कॉल केले आणि एका कनेक्शनचं काम एका वेळी एकाच कोअरवर ठेवलं. लॉक आपोआप कमी झाले.

‘उद्या लागेल’ म्हणून जागोजागी फंक्शन पॉइंटर ठेवणाऱ्यांना २०१८ च्या जानेवारीत स्पेक्टर या प्रोसेसरमधल्या सुरक्षा-त्रुटीने धडा दिला. त्यावरचा उपाय, रेटपोलीन, आल्यावर अप्रत्यक्ष (पॉइंटरमार्फत होणारे) कॉल एकदम महाग झाले आणि नेटवर्क स्टॅकमध्ये नेहमीच्या एकदोन फंक्शनांना थेट कॉल करणारे रॅपर टाकावे लागले. उलट टोकाला, स्ट्रक्चरमधले फील्ड नुसते नीट लावूनही बरंच हाती लागतं: ६.८ मध्ये टीसीपीची स्ट्रक्चर कॅशलाइन बघून पुन्हा मांडली, तेव्हा भरपूर समांतर कनेक्शन असताना ४० टक्क्यांपर्यंत सुधारणा नोंदवली गेली. तर्क एका अक्षराने बदलला नव्हता.

शेवटची गोष्ट पॅच पाठवण्याची. कोड सोपा करणं आणि वागणूक बदलणं एकाच पॅचमध्ये घालू नका. बायसेक्ट करताना (निम्मे-निम्मे पॅच तपासून दोषी पॅच शोधताना) दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते कळत नाही आणि रिव्ह्यू करणारा वैतागतो तो वेगळाच. दुरुस्ती ‘नेट’ ट्रीला (कर्नलच्या नेटवर्किंग कोडच्या साठ्याला), सुधारणा ‘नेट-नेक्स्ट’ला. वेग वाढल्याचा दावा असेल तर कार्ड, कोअर, पॅकेटचा आकार आणि आधी-नंतरचे आकडे कमिट मेसेजमध्येच लिहा. मर्ज विंडोच्या (मुख्य कर्नलमध्ये नव्या सुधारणा घ्यायच्या) दोन आठवड्यांत नेट-नेक्स्ट बंद असतं, तेव्हा पाठवलेलं परत येतं. ते दिवस निम्मे कोअर बंद करून तीच टेस्ट पुन्हा चालवायला बरे.