धूळ आणि विडी: फुप्फुसांवरचा दुहेरी मारा कसा कमी करावा

पुण्याजवळच्या भोसरी-चाकणच्या फाउंड्रीत, वाघोलीच्या खडी क्रशरवर किंवा नव्या इमारतीत फरशी कापणाऱ्या कामगाराला दम लागू लागला की मालक विडीकडे बोट दाखवतो आणि कामगार धुळीकडे. दोघांचेही म्हणणे अर्धेच असते. श्वासनलिकेतील केसांसारखे सूक्ष्म तंतू आत आलेली धूळ कफासोबत वर ढकलतात. धुरामुळे त्यांचे काम मंदावते आणि वाळू-दगडाची सिलिकायुक्त बारीक धूळ आत साचत राहते. सिलिकाने सिलिकोसिस, म्हणजे फुप्फुसे कायमची निबर करणारा आजार होतो, क्षयरोगाचा धोकाही वाढतो. त्यात धूम्रपानाची भर पडली की दमछाक आणि कर्करोग या दोन्हींची शक्यता आणखी वाढते.

सुरुवात धुळीपासून करावी, कारण ती एकट्या कामगाराच्या हातात नसते. कटर पाण्याची जोडणी असलेलाच घ्यावा आणि त्याच्या वीजजोडणीला ईएलसीबी (विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच) बसवलेला असावा. कोरडा झाडू मारू नये, आणि सुटी होताना हवेच्या पाइपाने कपडे झटकण्याची जी सवय बहुतेक शॉपमध्ये दिसते, ती तर मुळीच नको. नाकाला बांधलेल्या रुमालातून बारीक धूळ सहज आत जाते. एन-९५ मास्क वापरावा. दाढी वाढलेली असल्यास तो चेहऱ्याला नीट चिकटत नाही. विडीसाठी मास्क हनुवटीखाली ओढला की हनुवटीवरची धूळ त्याच्या आतल्या बाजूला लागते आणि पुढे तीच श्वासात जाते.

विडी सोडण्यासाठी १८००-११२-३५६ या मोफत क्रमांकावर समुपदेशन मिळते. मात्र कामगारांनी विडी सोडली म्हणून धूळ आवरण्याची मालकाची जबाबदारी संपत नाही.

खोकला दोन आठवडे किंवा अधिक टिकल्यास क्षयरोगासाठी थुंकीची तपासणी करावी. केवळ एक्स-रेवर समाधान मानू नये, स्पायरोमेट्री ही फुप्फुसांची क्षमता मोजणारी चाचणीही करून घ्यावी. तीत नळीत जोराने, पूर्ण श्वास रिकामा होईपर्यंत फुंकावे लागते. ईएसआयचे (कामगार विमा योजनेचे) कार्ड असल्यास बिबवेवाडीचे ईएसआय रुग्णालय आणि नसल्यास सरकारी ससून रुग्णालय गाठावे. डॉक्टरांना विड्यांचा हिशेब जितका स्पष्ट सांगावा, तितकाच कोणत्या खात्यात किती वर्षे काम केले तोही सांगावा; तो विचारला जाईलच असे नाही. सिलिकोसिसची नोंद सरकारी यंत्रणेकडे होणे कायद्याने बंधनकारक आहे. हा आजार बहुधा अनेक वर्षांनी उघड होतो आणि तोवर ठेकेदार बदललेले असतात, म्हणून जुन्या पगारपावत्या, गेटपास आणि आधीचे तपासणी अहवाल एका पिशवीत जपून ठेवावेत.