ॲक्शन फिगरचा स्टँड: आधी पाय मोजा, मग चित्र काढा

ॲक्शन फिगरचा, म्हणजे सांधे हलणाऱ्या खेळण्यातल्या पुतळ्याचा, स्टँड बनवायला शिकणारा नवा माणूस पहिल्याच दिवशी संगणकावर चित्र काढायला बसतो. गोल बेस, त्यावर खुंटी, झाला स्टँड! तो हातात आला की कळतं, खुंटी फिगरच्या तळव्यातल्या भोकात शिरतच नाही. शिरली तर टाच वर उचलली जाते. तेही जमलं, तर झेप घेतलेली फिगर तोंडावर पडते. तिन्ही चुकांचं मूळ एकच, फिगर न मोजता काम सुरू केलं. या कामात यायचं असेल तर पहिला महिना फक्त मोजण्यात घालवा.

बाजारात मुख्यतः तीन मापं भेटतात: १:१८ (खऱ्या माणसाच्या अठराव्या हिश्शाएवढी) म्हणजे साधारण ९.५ सेंमी, १:१२ म्हणजे १५ सेंमी आणि १:६ म्हणजे ३० सेंमी. पण माप एक असलं तरी भोक एक नसतं, कंपनीगणिक ते बदलतं. व्हर्निअर कॅलिपरची टोकं एवढ्या लहान भोकात नीट बसत नाहीत, म्हणून ड्रिल बिट वापरा. २.५, २.८, ३.०, ३.२, ३.५ मिमीचे बिट घ्या आणि धारेची बाजू नव्हे, मागचा गुळगुळीत दांडा भोकात घालून पाहा. त्यातला जो सगळ्यात जाड दांडा जोर न लावता जातो ते तुमचं माप. खुंटी त्याहून ०.१ मिमी बारीक ठेवा. खोली मोजायला टूथपिकची बोथट बाजू आत टेकवा, तळव्याच्या पातळीवर नखानं खूण धरा आणि तेवढा भाग मोजा. खुंटीची उंची त्याहून अर्धा मिमी कमी हवी. टाच उचलली जाते ती या अर्ध्या मिमीच्या हयगयीमुळेच.

दोन पायांसाठी दोन खुंट्या कायमच्या बसवू नका. उभं राहायची ढब बदलली की पायांतलं अंतर बदलतं. बेसवर १० मिमी अंतराने भोकांची जाळी करा आणि खुंट्या सुट्या द्या.

थ्रीडी प्रिंटरवर खुंटी उभी छापली तर ती थरांच्या जोडावर मोडते, आणि मोडलेला तुकडा फिगरच्या पायात अडकून बसतो. यापेक्षा वाईट नुकसान नाही, कारण तो काढताना संग्राहकाच्या फिगरचाच पाय जातो. खुंटी वेगळी, आडवी छापा. त्याहून उत्तम म्हणजे ३ मिमीची पितळी सळई. पायाचं भोक त्याहून मोठं असेल तर सळईही पुढच्या मापाची घ्या, लहान असेल तर बारीक. हॅक्सॉने कापायची, टोकं कानशीने गोल करायची. ॲक्रिलिकच्या बेसमध्ये एखादी खुंटी कायमची बसवायचीच असेल तर ठोकू नका, तडा जातो. बेसमधलं भोक सळईच्या मापाचंच पाडून थेंबभर इपॉक्सी (दोन घटक मिसळून लावायचा गोंद) लावा. सुपरग्लू टाळा, त्याच्या वाफेने पारदर्शक ॲक्रिलिकवर पांढुरकी साय धरते.

आता तोल. हा हिशोब एकदा कागदावर केला की पुढची सगळी कामं सोपी जातात. समजा फिगर १२० ग्रॅमची आहे, दांड्याच्या आधाराने हवेत झेपावलेली आहे आणि तिचा गुरुत्वमध्य बेसच्या पुढच्या कडेपासून ३ सेंमी बाहेर आहे. पाडणारा जोर १२० × ३ = ३६०. बेस १० सेंमी व्यासाचा, ५ मिमी ॲक्रिलिकचा असेल तर त्याचं वजन जेमतेम ४७ ग्रॅम. त्याचा मध्य कडेपासून ५ सेंमी आत, म्हणून सावरणारा जोर ४७ × ५ = २३५. फिगर पडणारच. खाली त्याच व्यासाची ३ मिमी लोखंडी चकती लावली तर १८५ ग्रॅमची भर पडते आणि सावरणारा जोर ११६० होतो, म्हणजे तिपटीहून जास्त. दुपटीच्या खाली समाधान मानू नका, कारण शोकेसचं दार आपटतं आणि कपाटाला धक्के लागतात. मात्र वजन वाढवण्याआधी आधाराचा दांडा बेसच्या मागच्या कडेला सरकवून बघा. फिगरचा भार आपोआप आत येतो आणि पुष्कळदा चकतीची गरजच उरत नाही.

तपासणी सोपी आहे. ३० सेंमी लांब फळीचं एक टोक ५ सेंमी उचला, साडेनऊ अंशांचा उतार मिळतो. फिगरसकट स्टँड चारही बाजूंना फिरवून त्यावर ठेवा. एकाही बाजूला कलंडता कामा नये.

दांड्याच्या सांध्यात बॉल जॉइंट (वाटीत फिरणाऱ्या गोळीचा सांधा) दिसायला छान, पण सतत भाराखाली प्लॅस्टिक हळूहळू ढिलं पडतं आणि फिगर महिन्याभरात मान टाकते. ३० सेंमीच्या फिगरसाठी एम३ (३ मिमी जाडीचा) स्क्रू आणि आत नायलॉनची कडी असलेल्या नायलॉक नटचा सांधाच घ्या, सैल झाला की पिळून घट्ट करता येतो. जुन्या जी.आय. जो या अमेरिकी सैनिक-फिगरसाठी तर कमरेचा आधार हवाच. १९८२ पासूनच्या ३.७५ इंची फिगरमध्ये, आणि भारतात फनस्कूल या खेळण्यांच्या कंपनीने काढलेल्यांतही, धड आणि पाय आतल्या रबरी रिंगने जोडलेले असतात. रिंग जुनी झाली की कंबर लुळी पडते. पाय खुंटीत घट्ट असले तरी वरचं धड वाकतं.

साहित्याची निवड हवामान बघून करा. थ्रीडी प्रिंटरचं नेहमीचं प्लॅस्टिक पीएलए ६० अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं, आणि भार असेल तर त्याच्या आधीच वाकू लागतं. विदर्भातल्या मे महिन्यात उन्हाच्या खिडकीतलं शोकेस हे पीएलएचं मरणच. तिथे पीईटीजी किंवा एबीएस ही जास्त उष्णता सोसणारी प्लॅस्टिकं वापरा. कोकणात आणि मुंबईत लोखंडी चकती उघडी ठेवलीत तर पहिल्याच पावसाळ्यात गंजाचा डाग काचेवर उतरतो. प्रायमर आणि रंगाचे दोन हात द्या, किंवा स्टेनलेस घ्या.

रंगाबाबत आणखी एक. फिगरचं मऊ पीव्हीसी त्याच्यातलं तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर सोडतं. रंगवलेल्या बेसवर पाय महिनोन्‌महिने टेकलेले राहिले तर ते चिकटतात आणि उचलताना रंग सोलून निघतो. पारदर्शक प्लॅस्टिक फाइलचं पॉलिप्रॉपिलिनचं पातळ पान पायाच्या आकारात कापून खाली ठेवा. कमरेच्या चिमट्याला नळाच्या कामातली टेफ्लॉन टेप गुंडाळा, साधं रबर नको, ते डाग पाडतं.

लेझर कटिंगला फाइल देताना ३ मिमीचं ॲक्रिलिक खरंच ३ मिमी आहे असं धरू नका. शीट २.७ ही निघते, ३.२ ही. आधी शीट मोजा, मग तुकडे एकमेकांत बसवायची खाच आखा. लेझरची रेघ स्वतःच ०.१५ ते ०.२ मिमी खाते, म्हणून एक चाचणी पट्टी कापून घ्या: तिच्यात ०.१ मिमीने वाढत जाणाऱ्या पाच खाचा. आतले कोपरे गोल ठेवा, टोकदार कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. कापलेल्या कडा स्पिरिटने पुसू नका, बारीक भेगांचं जाळं उमटतं. साबणाचं पाणी पुरे. जोडायला क्लोरोफॉर्म वापरणार असाल तर खिडक्या उघड्या आणि सिरिंजने अगदी थोडं.

रीतसर शिकायचं तर आयआयटी मुंबईचं आयडीसी हे डिझाइनचं विद्यालय आहे, गांधीनगरला एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेत खेळणी आणि खेळ यांच्या डिझाइनचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. प्रवेशासाठी असो वा कामासाठी, पोर्टफोलिओत नुसते चकचकीत फोटो नकोत. एकाच फिगरचा मापांचा तक्ता, तोलाचा हिशोब, मोडलेला पहिला नमुना आणि त्यानंतर बदललेली खुंटी, एवढं एका पानावर मांडा. आणि विकायला पाठवताना प्रत्येक पाकिटात २.८ आणि ३.० मिमीच्या दोन जादा खुंट्या टाका.