लांबच्या प्रवासात स्पोर्ट्स कारचे ॲव्हरेज कसे राखावे

पाच लिटरचे व्ही-८ इंजिन असलेली फोर्ड मस्टँग जीटी किंवा पोर्शे ९११ बाळगणाऱ्याने पेट्रोलच्या खर्चाची काळजी करावी, हे ऐकणाऱ्याला गमतीचे वाटते आणि त्यात त्याची फारशी चूकही नसते. मात्र लांबच्या प्रवासात हा प्रश्न पैशांपेक्षा पल्ल्याचा असतो. मस्टँग जीटीची टाकी सुमारे ६१ लिटरची आहे. त्यातले दहा लिटर राखून ठेवायचे म्हटले आणि गाडीने लिटरला सात किलोमीटर दिले, तर मुंबईहून निघाल्यावर कोल्हापूरच्या अलीकडेच पंप शोधावा लागतो. तीच गाडी लिटरला दहा देत असेल, तर बेळगाव गाठता येते आणि पेट्रोल कुठे भरायचे हे आपण ठरवतो, टाकीतला काटा ठरवत नाही. सात आणि दहा हे दोन्ही आकडे एकाच गाडीकडून मिळू शकतात. फरक पडतो तो प्रामुख्याने चालवण्याच्या पद्धतीने.

सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरच्या स्थिर वेगाने धावणाऱ्या अशा गाडीला हवेचा आणि टायरचा विरोध मोडून काढण्यासाठी ढोबळमानाने वीस अश्वशक्ती पुरते. इंजिन मात्र चारशेच्या घरातले असते. एवढ्या थोड्या कामासाठी थ्रॉटल, म्हणजे इंजिनात हवा सोडणारे झडपेचे दार, जेमतेम उघडलेले राहते आणि त्या अरुंद फटीतून हवा ओढून घेण्यात, तसेच मोठमोठे पिस्टन नुसते वरखाली करण्यात, पेट्रोलचा बराच भाग खर्ची पडतो. म्हणून तेच वीस अश्वशक्तीचे काम इंजिनाकडून कमीत कमी फेऱ्यांत करून घेणे, आणि मुळात ते काम वीसचे तीस होऊ न देणे, एवढ्या दोन गोष्टींवर सगळी भिस्त आहे.

पहिल्या गोष्टीसाठी गाडी सर्वांत वरच्या गिअरमध्ये जितकी जास्त राहील तितके चांगले. स्पोर्ट्स कारचे वरचे गिअर बहुधा त्यासाठीच दिलेले असतात. पोर्शेची ‘९९२’ या पिढीतील आठ गिअरची ९११ आपला कमाल वेग सहाव्या गिअरमध्येच गाठते आणि सातवा व आठवा हे गिअर केवळ इंजिनाच्या फेऱ्या कमी ठेवण्यासाठी असतात. ऑटोमॅटिक गाडीत ‘स्पोर्ट’ मोड चालू असेल, तर गिअरबॉक्स या वरच्या गिअरांकडे सहसा फिरकत नाही. त्यामुळे शहराबाहेर पडताच ‘नॉर्मल’ किंवा ‘इको’ मोड निवडावा आणि इंजिनाच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्या दाखवणाऱ्या टॅकोमीटरवर एकदा नजर टाकून खात्री करून घ्यावी: मस्टँगसारख्या गाडीत ताशी १०० ला काटा दोन हजारांच्या आत दिसला पाहिजे. एक्झॉस्टचा आवाज मोठा हवा म्हणून अनेक जण कायम ‘स्पोर्ट’ मोडवरच असतात. त्यांनी तो आनंद आंबोलीच्या वळणांसाठी राखून ठेवावा. मॅन्युअल गिअर असल्यास तिसऱ्यावरून थेट पाचवा टाकायला हरकत नाही, मात्र इंजिन घरघरू लागले किंवा गाडी थरथरू लागली, तर एक गिअर खाली यावे, कारण इंजिनाला दमवून पेट्रोल वाचत नाही.

दुसरी गोष्ट वेगाची, आणि तिच्यापुढे बाकी सगळे उपाय किरकोळ आहेत. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी १०० वरून १२० वर गेल्यास तो ४४ टक्क्यांनी वाढतो आणि त्याच्यावर मात करायला लागणारी शक्ती तर सुमारे ७३ टक्क्यांनी वाढते. अडचण अशी की स्पोर्ट्स कारमध्ये हे जाणवतच नाही. साध्या हॅचबॅकमध्ये ताशी १२० ला खिडक्या शिट्ट्या वाजवू लागतात, तर इथे गाडी रस्त्याला चिकटून निवांत धावत असते आणि काटा नकळत पुढे सरकतो. समृद्धी महामार्गावर मोटारींसाठी १२० ची मर्यादा आहे, तीच आपली गती मानण्याचा मोह होतो. पण हिशेब मांडून पाहावा: ७०० किलोमीटरसाठी ताशी १२० ने पाच तास पन्नास मिनिटे लागतात, ११० ने सहा तास बावीस मिनिटे, म्हणजे अर्ध्या तासाच्या बदल्यात हवेचा विरोध १६ टक्क्यांनी उतरतो. माझ्या मते १०५ ते ११० हा या रस्त्यावरचा समजूतदार वेग आहे. त्याहून खाली, नव्वदवर, गेल्यास ॲव्हरेज आणखी सुधारते हे खरे, परंतु सरळसोट काँक्रीटवर एवढ्या संथपणे तासन्‌तास चालवताना डोळ्यांवर झापड येऊ लागते आणि तो धोका वाचलेल्या पेट्रोलपेक्षा मोठा आहे.

स्थिर वेगासाठी सपाट आणि मोकळ्या रस्त्यावर क्रूझ कंट्रोल, म्हणजे ठरवलेला वेग आपोआप राखणारी सोय, उत्तम. पुणे-सातारा पट्ट्यावर मात्र त्याचा फारसा उपयोग होत नाही, कारण तिथे उजव्या लेनमधून ताशी साठ-सत्तरने चाललेला ट्रेलर ही नित्याची बाब आहे. अशा ट्रेलरच्या मागे जाऊन जोरात ब्रेक मारायचा, वाट मिळताच ॲक्सिलरेटर तळाशी दाबायचा आणि पुढच्या ट्रेलरपाशी पुन्हा ब्रेक, हीच स्पोर्ट्स कारवाल्यांची नेहमीची चाल असते. पावणेदोन टनांची गाडी ताशी ८० वरून १२० वर न्यायला एका वेळी साधारण साठ-सत्तर मिलिलिटर पेट्रोल जादा लागते आणि पुढच्याच ब्रेकला ते उष्णता होऊन हवेत जाते. दिवसभरात असे पन्नास वेळा झाले की तीन लिटरच्या वर गेलेच. यावर उपाय म्हणजे अर्धा किलोमीटर पुढचे पाहणे: उजवी लेन अडलेली दिसताच ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा, गाडी आपोआप मंदावू द्यावी आणि ट्रेलर बाजूला होईपर्यंत जमेल तितका वेग राखून ठेवावा. ट्रकच्या अगदी मागे राहून हवेचा आडोसा घेण्याची युक्ती काही जण सुचवतात. ती सरळ नाकारावी, कारण एवढी बुटकी गाडी ट्रकचालकाला आरशात दिसत नाही.

पाय काढल्यावर काय होते तेही लक्षात घेण्याजोगे आहे. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर पूर्ण सोडला की आधुनिक इंजिनांत पेट्रोल फवारणारे इंजेक्टर ते सोडणेच थांबवतात आणि चाकेच इंजिनाला फिरवत ठेवतात. याउलट न्यूट्रल केल्यास इंजिन चालू ठेवण्यासाठी पेट्रोल लागतेच. त्यामुळे घाट उतरताना न्यूट्रल करण्याची जुनी सवय धोक्याची तर आहेच, शिवाय तोट्याचीही आहे. खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना स्टीअरिंगमागच्या गिअरच्या पॅडलने दोन गिअर खाली घेऊन पाय मोकळा ठेवावा, म्हणजे ब्रेकही तापत नाहीत आणि तात्कालिक ॲव्हरेजचा आकडा वरच्या टोकाला जाऊन बसलेला दिसतो.

चढावर मात्र निसर्गनियमाशी तडजोड होत नाही. खोपोलीपासून लोणावळ्यापर्यंत रस्ता साडेपाचशे मीटरच्या आसपास वर चढतो आणि गाडी, माणसे व सामान मिळून अठराशे किलो एवढे उंच न्यायला सपाटीपेक्षा लिटरभर किंवा थोडे जास्तच पेट्रोल लागते. घाटात ॲव्हरेज कोसळले म्हणून घाबरू नये. तिथे एवढेच करावे की क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा, कारण तो ठरलेला वेग टिकवण्यासाठी चढावर भलताच जोर लावतो, आणि टर्बो इंजिन असेल, तर बूस्टचा, म्हणजे टर्बोने कोंबलेल्या हवेच्या दाबाचा, काटा चढू न देता एकसारख्या गतीने वर यावे. अशा अनेक इंजिनांत पूर्ण जोराच्या वेळी भागांचे तापमान आवरण्यासाठी जास्तीचे पेट्रोल सोडले जाते.

खरा पराभव होतो तो घाटातल्या कोंडीत. जागेवर उभे राहूनही एसी चालू असलेले मोठे व्ही-८ इंजिन तासाला दीड ते दोन लिटर पेट्रोल पिते, आणि शनिवारी सकाळी आठ वाजता मुंबईहून द्रुतगती महामार्गावर निघणाऱ्याला बोरघाट हा अनुभव हमखास देतो. पहाटे पाचला निघणे हा ॲव्हरेजसाठीचा सर्वांत स्वस्त उपाय आहे. मार्गाची निवडही याच दृष्टीने करावी. गोव्याला जाताना कोकणातून जाणारा महामार्ग निसर्गाने सुंदर असला, तरी खराब टप्पे, वळणे आणि गावागावांतले गतिरोधक यांमुळे जमिनीपासून जेमतेम पाच इंच उंच असलेल्या गाडीला सतत थांबत, तिरके होत पुढे जावे लागते. कोल्हापूर, निपाणी, आंबोली, सावंतवाडी हा मार्ग त्यामानाने एका लयीत पार होतो.

प्रवासाला निघण्यापूर्वी, गाडी गार असताना, टायरांमध्ये हवा दाराच्या चौकटीवरील स्टिकरनुसार भरावी. पुढच्या आणि मागच्या टायरांचे आकडे बहुधा वेगळे असतात आणि भरलेल्या गाडीसाठी आणखी वेगळे. पंपावरचा पोऱ्या विचारतो, ‘चौतीस मारू का?’, तेव्हा नुसती मान डोलावू नये. ॲव्हरेज वाढेल म्हणून आकड्याच्या वर जाणेही बरे नव्हे, कारण उन्हाळ्यात तापलेल्या काँक्रीटवर दाब आपसूकच वाढतो आणि रुंद टायरची पकड मधल्या पट्ट्यापुरती उरते. नायट्रोजन भरल्याने ॲव्हरेज वाढते हा निव्वळ समज आहे. त्यापेक्षा टायरच्या पृष्ठभागावरून तळहात आडवा फिरवून पाहावा: बाहेरून आत जाताना गुळगुळीत आणि आतून बाहेर येताना करवतीसारखे टोचत असेल, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांची सरळ रेषा, बिघडलेले आहे आणि चारही चाके दिवसभर एकमेकांशी झगडत धावणार आहेत. त्याच वेळी खाली वाकून पोटाखालचे प्लॅस्टिकचे आवरणही पाहावे. एखाद्या गतिरोधकावर घासून त्याचा क्लिप तुटलेला असतो, कडा लोंबत असते आणि ताशी शंभरला ती हवेत छत्रीसारखी उघडते.

पेट्रोलबद्दल दोनच गोष्टी. आता देशभर मिळणारे साधे पेट्रोल बहुतेक ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले, आहे, आणि इथेनॉलमध्ये लिटरमागे पेट्रोलच्या सुमारे दोनतृतीयांशच ऊर्जा असल्याने इथेनॉलविरहित पेट्रोलच्या तुलनेत त्यात सहा-सात टक्के ऊर्जा कमी असते. जुन्या आकड्यांशी तुलना करताना हे धरून चालावे. ऑक्टेन म्हणजे इंजिनात अवेळी पेट न घेण्याची पेट्रोलची क्षमता, त्यामुळे जास्त ऑक्टेनच्या पेट्रोलमध्ये जास्त ताकद नसते. टाकीच्या झाकणाआड लिहिलेल्या ऑक्टेनपेक्षा कमी प्रतीचे पेट्रोल भरल्यास इंजिन स्वतःला वाचवण्यासाठी इग्निशन मागे घेते, म्हणजे ठिणगी उशिरा टाकते, आणि ॲव्हरेज घटते. तिथे लिहिलेल्यापेक्षा वरचे भरून मात्र सहसा हाती काही लागत नाही.

एसीबद्दल फार विचार करू नये. महामार्गाच्या वेगाला काचा खाली करण्यापेक्षा एसी लावणेच बरे, आणि उघड्या छताची गाडी असेल, तर छत बंद ठेवावे. सायंकाळी किनाऱ्यालगतच्या रस्त्याला ते जरूर उघडावे. डिकीतल्या वीस-तीस किलोंनी सपाटीवर जवळजवळ काहीच फरक पडत नाही, मात्र मागे हौसेने बसवलेला बाजारातला मोठा पंख (स्पॉइलर) काढता येत असेल, तर काढून ठेवावा.

हे सारे साधते आहे का, ते मोजण्यासाठी गाडीच्या पडद्यावर विसंबू नये, कारण तो बहुधा थोडे खुशीचे आकडे दाखवतो. निघताना टाकी फुल्ल करावी, नोझल पहिल्यांदा आपोआप बंद पडताच थांबावे आणि ट्रिपमीटर शून्य करावा. ‘अजून थोडे बसेल’ म्हणत गळ्यापर्यंत भरल्यास पेट्रोल टाकीतली वाफ शोषून घेणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरून नसता खर्च उभा राहतो. पुढच्या पंपावर त्याच पद्धतीने भरून धावलेल्या किलोमीटरांना भरलेल्या लिटरांनी भागावे. युरोपीय गाड्या शंभर किलोमीटरला किती लिटर हे सांगतात, त्यांच्या बाबतीत १०० ला त्या आकड्याने भागले की आपला नेहमीचा आकडा मिळतो: १२.५ म्हणजे लिटरला आठ. जातानाचा आणि येतानाचा हिशेब वेगळा ठेवावा, कारण मुंबईहून पुण्याला गाडी घाट चढते आणि परतताना तोच घाट उतरते. दोन्ही बाजूंचे किलोमीटर आणि लिटर एकत्र करून जो भागाकार येतो, तोच पुढच्या प्रवासातला पंप ठरवताना वापरावा.